दोन्ही दारं उघडी

मिथिलाचं जुनं दप्तर रिकामं केलं.
पेन्सिलीचा भुगा झटकला,
तळाशी एक काजूची बी सापडली,
ती तशीच राहू दिली.
आत, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत गुंडाळून
एक-चौदाचा उतारा, रेशन कार्ड,
मामंजींच्या साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या,
बॅटरी, काडेपेटी,
आणि दहा-दहाच्या नोटांचं एक पुडकं,
कारण पुरात कुणाकडेच सुट्टे नसतात.

वरच्या धरणाचं पाणी सोडलं की भोंगा होईल,
पंचायतीचा माणूस सांगून गेला.
तीनदा, लांब.
मग सड्यावरच्या शाळेत जायचं.
भोंग्यानंतर आमच्याकडे वेळ किती, विचारलं.
म्हणाला, ते पाण्यावर आहे.

गुरुदास बोटीवर,
तीन हजार माणसांच्या उष्ट्या बश्यांमध्ये.
फोनवर हसतो :
अगं, आमची दर आठवड्याला ड्रिल असते.
जॅकेट घालायचं, ठरलेल्या जागी उभं राहायचं,
काही उचलायचं नाही,
चपला शोधायच्या नाहीत.
तुमच्या बोटीवर तुळस नसते रे, मी म्हटलं.
गाय नसते. बाप नसतो.

रविवारी आम्हीही केली ड्रिल.
मिथिला मोबाइलवर वेळ लावून पायरीवर.
भोंगा मी तोंडाने वाजवला,
तर कुंपणापलीकडून आंतोनेत धावत आली,
कोण गेलं गं?

मामंजींना भोंगा ऐकू येणार नाही.
त्यांचा उजवा हात दोनदा दाबायचा,
म्हणजे उठायचं, असं ठरलंय.
उठले. धोतर सावरलं.
चार पावलं आले आणि मागे फिरले,
भिंतीवरचं कॅलेंडर काढायला.
गोरी कधी व्याली, सिलिंडर कधी लागला,
सगळं त्यातच लिहितात.
मार्चच्या पानावर, सासूबाई गेल्या त्या तारखेभोवती
निळ्या पेनाने एक गोल.
बाकी काही लिहिलेलं नाही.

एकोणीस मिनिटं! मिथिला ओरडली.
दुसऱ्यांदा चौदा.
तिसऱ्यांदा अकरा,
कारण कॅलेंडर तोवर दप्तरात गेलं होतं.

गोठ्यात गोरीचं दावं बदललं.
निरगाठ काढून सुरगाठ मारली,
एका हिसक्यात सुटेल अशी.
पण ती हिसका देतच नाही.
इतकी वर्षं, ओढू नकोस गं, म्हणत आले,
आता तिला उलटं कसं शिकवू?

ओसरीच्या भिंतीवर मागच्या पाण्याची रेघ आहे.
दोनदा चुना मारला, तरी वर येते.
मिथिला तिथे पाठ टेकून उभी राहते,
डोक्यावर हात आडवा धरून मोजते.
यंदा तिचं नाक रेघेच्या वर आलं.
ती नाचली.
मी शाब्बास म्हटलं
आणि आत जाऊन उगाच भांडी आवरत बसले.

रात्री दिवा घालवल्यावर मामंजी बोलले,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने,
अख्ख्या इब्रामपुराला ऐकू जाईल असं :
निघताना कुलूप घालू नकोस.
पुढचं दार उघडं ठेव, मागचंही.
मातीची भिंत पाण्याशी भांडायला गेली की बसते.
वाट दिलीस तर येईल आणि जाईल.

आणि चोर?
हे मी त्यांच्या हातावर कसं दाबणार.

दप्तर खुंटीला लावलं,
अंधारातही हाताला लागेल असं.
कुलूप माळ्यावर ठेवून दिलं, तांदळाच्या डब्यात.
मग मागच्या दारी गेले.
कडी गंजलेली, हलेना.
खोबरेल सोडलं थोडं,
उघडली, लावली, पुन्हा उघडली.
बाहेर काळोखात नदी होती,
तिच्या जागेवर.